शिखर क्रमांक १५ ची उंची: दुरून घेतलेले कोन, बंद सीमा आणि २९,००२ फूट

विदर्भातील एका शाळेत नववीच्या विद्यार्थ्यांसाठी भित्तिपत्रक तयार करणाऱ्या एका शिक्षिकेने तीन प्रश्न विचारले आहेत, आणि शेवटी भित्तिपत्रकावर आकड्याखाली काय लिहावे हेही विचारले आहे. एव्हरेस्टची उंची १८५० च्या सुमारास शंभराहून अधिक मैलांवरून मोजून २९,००२ फूट आली आणि आजची मान्य उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट आहे. मग इतके जवळचे उत्तर कौशल्याने आले की योगायोगाने, हा पहिला प्रश्न. सर्वेक्षणाच्या कचेरीतले गणक राधानाथ सिकदार यांना श्रेय किती द्यायचे, हा दुसरा. तिसरा प्रश्न त्यांच्या एका विद्यार्थ्याचा आहे: हे सगळे करणारे लष्करी अधिकारी होते, तर याला विज्ञान म्हणायचे की युद्धाची तयारी? भूमापनाच्या कामात आणि ते शिकवण्यात माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे तिन्ही प्रश्नांकडे मी मोजणी करणाऱ्याच्या नजरेने पाहतो. माझ्या मते पहिला आणि तिसरा प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, कारण त्या काळचे राजकारण त्या आकड्याच्या आजूबाजूला नसून थेट त्या आकड्यात आहे.

आधी मोजणी नेमकी कशी झाली ते पाहू. १८४९ च्या नोव्हेंबरपासून १८५० च्या जानेवारीपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील जेम्स निकोल्सन यांनी नेपाळच्या सीमेलगतच्या तराई प्रदेशातील सहा ठाण्यांवरून २४ इंची थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीने, एका दूरच्या शिखराचे कोन घेतले. पुढे त्या शिखराला, म्हणजे आजच्या एव्हरेस्टला, ‘क्रमांक १५’ अशी खूण मिळाली. सर्वांत जवळचे ठाणे शिखरापासून १०८ मैलांवर आणि सर्वांत लांबचे ११८ मैलांवर होते. ही सहाही ठाणी त्रिकोणांच्या एका साखळीत बांधलेली होती, म्हणून त्यांच्यामधील अंतरे ठाऊक होती. दोन ठाण्यांवरून आडवे कोन घेतले की शिखरापर्यंतचे अंतर गणिताने निघते आणि त्या अंतराला उभ्या कोनाची जोड दिली की उंची निघते. एवढा भाग तुमच्या विद्यार्थ्यांना त्रिकोणमितीच्या धड्यावरून कळेल.

अडचण त्याच्या पुढे सुरू होते. एवढ्या अंतरावरून ते शिखर क्षितिजाच्या वर दोन अंशांहून थोडेसेच अधिक दिसते. या कोनावरून आणि ११० मैलांवरून साधा हिशेब केला तर सुमारे २२,००० फूट एवढीच उंची येते. उरलेले जवळजवळ ७,००० फूट कोणत्याही दुर्बिणीतून दिसत नाहीत, ते हिशेबातून येतात. पृथ्वी गोल असल्यामुळे ११० मैलांवर जमीन निरीक्षकाच्या आडव्या रेषेच्या सुमारे ८,००० फूट खाली गेलेली असते, म्हणून तेवढी उंची मिळवावी लागते. उलट हवेतून येणारा प्रकाश किंचित वाकतो (यालाच वक्रीभवन म्हणतात) आणि शिखर आहे त्यापेक्षा वर दिसते, म्हणून काही उंची वजा करावी लागते. नेहमीच्या परिस्थितीत ही वजावट वक्रतेच्या दुरुस्तीच्या सुमारे एक सप्तमांश असते, म्हणजे या अंतरावर अकराशे फुटांच्या आसपास. भित्तिपत्रकावर हे तीन आकडे एकाखाली एक मांडा. एव्हरेस्टच्या पहिल्या मान्य उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा दुरुस्तीचा आहे, हे मुलांना त्यातून एका दृष्टिक्षेपात दिसेल.

वक्रतेचा हिशेब भूमितीचा आहे, त्यात फारशी शंका नसते. वक्रीभवनाचे तसे नाही, कारण ते त्या दिवसाच्या, त्या तासाच्या आणि वाटेतील हवेच्या तापमानावर अवलंबून असते. दख्खनच्या काळ्या जमिनीवर उन्हाळ्यात दूरच्या खुणेवर दुर्बीण लावलेल्या प्रत्येकाने हे अनुभवले आहे: सकाळी सातला घेतलेला उभा कोन आणि दुपारी दोनला घेतलेला कोन जुळत नाहीत, आणि त्यात उपकरणाचा काही दोष नसतो. आम्ही यावर दोन उपाय करतो. पहिला उपाय म्हणजे दुपारी, वक्रीभवन सर्वांत कमी आणि त्यातल्या त्यात स्थिर असते त्या वेळी उभे कोन घेणे. हा नियम त्या सर्वेक्षणातही पाळला जात असे. दुसरा उपाय जास्त भरवशाचा आहे: दोन्ही टोकांवरून एकमेकांचे कोन घ्यायचे, म्हणजे वक्रीभवनाचा परिणाम बराचसा आपोआप कटतो. शिखर क्रमांक १५ वर उभे राहून तराईकडे दुर्बीण रोखणारा कोणी नव्हता, म्हणून हा दुसरा उपाय त्यांच्या हाती नव्हता. वक्रीभवनाचा गुणांक, म्हणजे दोन ठिकाणांमधील कमानीच्या कोनाचा किती भाग वजा करायचा ते प्रमाण, अंदाजानेच घ्यावे लागले. ११० मैलांवर त्या गुणांकात एक शतांशाचा फरक पडला तरी उंची सुमारे १६० फुटांनी बदलते. त्याच अंतरावर उभ्या कोनात एका विकलेची (अंशाच्या ३,६०० व्या भागाची) चूक झाली तर मात्र तीन फुटांपेक्षाही कमी फरक पडतो. म्हणजे काचेवर कोरलेल्या सूक्ष्म रेघांपेक्षा मधली हवाच इथे निर्णायक होती.

आता सहा ठाण्यांची उत्तरे पाहा. सर्वांत कमी उत्तर सुमारे २८,९९० फूट आणि सर्वांत जास्त सुमारे २९,०२६ फूट आले. सरासरी २९,००२.३ फूट. (सरासरी नेमकी २९,००० आली होती आणि लोकांना ती अंदाजाने लिहिलेली वाटेल म्हणून दोन फूट वाढवले, ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. सहा उत्तरांची बेरीज करून पाहिली तर ती टिकत नाही. भित्तिपत्रकावर ती घेऊ नये.) सहा उत्तरांमध्ये केवळ ३६ फुटांचा फरक असणे हे निरीक्षकाच्या हाताचे आणि उपकरणाचे खरे कौतुक आहे. मात्र उत्तरे एकमेकांशी जुळणे आणि ती खऱ्या उंचीशी जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विद्यार्थ्यांना शिकवताना मी सर्वांत जास्त वेळ याच फरकावर देतो. एकाच चुकीच्या घड्याळावरून लावलेली सहा घड्याळे एकमेकांशी अगदी बरोबर जुळतात. निकोल्सन यांच्या सहाही ठाण्यांच्या मागे वक्रीभवनाची एकच समज होती आणि समुद्रसपाटीविषयीचे एकच गृहीतक होते. त्यातला दोष सहा ठिकाणी सारखाच शिरतो आणि सरासरी काढल्याने तो कमी होत नाही.

असे दोष होते, आणि ते पुढे सापडले. वक्रीभवनासाठी वजावट जास्त झाली होती, त्यामुळे उंची कमी आली. दुसरीकडे, हिमालयाच्या प्रचंड वस्तुमानामुळे तिथे समुद्रसपाटीची काल्पनिक पातळीच वर उचललेली असते. ते लक्षात न घेतल्यामुळे उंची जास्त आली. विसाव्या शतकाच्या आरंभी याच सर्वेक्षणातील सिडनी बरार्ड यांनी वक्रीभवनाची सुधारित मूल्ये वापरून नवा हिशेब केला, तेव्हा उत्तर २९,१४१ फूट आले. एक चूक काढली आणि दुसरी तशीच राहिली, म्हणून सुधारलेले उत्तर जुन्या उत्तरापेक्षा खऱ्या उंचीपासून अधिक लांब गेले. १९५० च्या दशकात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बी. एल. गुलाटी यांनी दोन्ही बाबी हिशेबात घेतल्या आणि २९,०२८ फूट हे उत्तर दिले. तेव्हा पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे: कोन घेण्यात कौशल्य होते, याबद्दल शंका नको. पण २९,००२ हा आकडा आजच्या आकड्याच्या तीस फुटांच्या आत आला, याचे कारण दोन मोठ्या चुकांनी बऱ्याच अंशी एकमेकींना खोडले हे आहे.

इथून तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. शिखर मोजायला १०८ मैल लांब का थांबावे लागले? आपण कोणत्याही डोंगराची उंची काढताना जमेल तितके जवळ जातो, आणि निकोल्सन यांनाही हे पुरते ठाऊक असणार. त्यांना जवळ जाता आले नाही, कारण मध्ये नेपाळ होते. १८१४ ते १८१६ या काळात ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यात युद्ध झाले आणि ते सुगौलीच्या तहाने संपले. नेपाळचा बराच प्रदेश गेला, आणि उरलेल्या प्रदेशात कंपनीच्या मोजणीदारांना येऊ द्यायचे नाही, अशी तिथल्या दरबाराची भूमिका राहिली. ती अवास्तव होती असे मला वाटत नाही. नकाशामागून सैन्य येते हे त्या दरबाराने शेजारच्या राज्यांत पाहिले होते. १८५७-५८ मध्ये जंगबहादूर राणांचे सैन्य कंपनीच्या मदतीला लखनौपर्यंत आले, तरी सर्वेक्षणाला दार उघडले नाही.

म्हणून त्रिकोणांची साखळी सीमेच्या दक्षिणेने, तराईच्या दलदलीतून आणि जंगलातून न्यावी लागली. सपाट प्रदेशात दूरचे दिसावे म्हणून मनोरे बांधावे लागले, दृष्टिरेषेतील झाडे तोडावी लागली. त्या हवेत तापाने जी माणसे मेली त्यांत अधिकारी होते, पण बहुतेक जण खलाशी (सर्वेक्षणातले मजूर), झेंडे धरणारे आणि दिवे लावणारे होते, आणि त्यांची नावे आज आपल्याला माहीत नाहीत. भित्तिपत्रकावर त्यांना एक ओळ जरूर द्या. मोजणीच्या कामात दुर्बिणीमागचा माणूस जितका महत्त्वाचा असतो तितकाच तो, जो मैलोन्‌मैल लांब खुणेपाशी तासन्‌तास स्थिर उभा राहतो.

आता मघाचा हिशेब पुन्हा आठवा. वक्रता आणि वक्रीभवन या दोन्ही दुरुस्त्या अंतराच्या वर्गाने वाढतात. ११० मैलांऐवजी ४० मैलांवर उभे राहता आले असते, तर वक्रतेची दुरुस्ती ८,००० वरून सुमारे १,०७० फुटांवर आली असती आणि गुणांकातल्या एका शतांशाची किंमत १६० फुटांऐवजी एकवीस-बावीस फूट राहिली असती. नेमके हेच शंभर वर्षांनी घडले. गुलाटींच्या उत्तरामागची निरीक्षणे नेपाळच्या आतून, पन्नास मैलांच्या आतल्या ठाण्यांवरून घेतलेली होती. सुरुवातीला मी जे म्हटले त्याचा अर्थ हा आहे. १८१६ च्या तहाने बंद झालेली सीमा १८५० च्या आकड्यात शेकडो फुटांच्या अनिश्चिततेच्या रूपाने हजर आहे. विज्ञान इथे आणि युद्ध तिथे, अशी विभागणी त्या आकड्यात करता येत नाही.

तरीही, लष्करी माणसांनी केले म्हणून ते विज्ञान नाही, हा तुमच्या विद्यार्थ्याचा निष्कर्ष मला मान्य नाही. त्याचा संशय योग्य आहे, हे आधी सांगतो. या सर्वेक्षणाचा जन्मच युद्धातून झाला. विल्यम लॅम्बटन हे ३३ व्या पायदळ पलटणीचे अधिकारी होते आणि १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत होते. रात्रीच्या अंधारात एक तुकडी चुकीच्या दिशेने चालली आहे हे त्यांनी ताऱ्यांवरून ओळखले होते, असे सांगतात. श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांनी जिंकलेल्या मुलखातून द्वीपकल्पाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी नेण्याची योजना मांडली आणि १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ पहिली पायारेषा, म्हणजे साखळीच्या आधारासाठी जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची रेषा, मोजायला घेतली. अर्ध्या टनाचा त्यांचा थिओडोलाइटसुद्धा इंग्लंडहून येताना फ्रेंचांच्या हाती लागून मॉरिशसला गेला होता आणि नंतर परत मिळाला. पुढचे नकाशे रस्ते, छावण्या आणि महसूल यांसाठी वापरले गेले, यात वाद नाही.

पण मोजणी करणारा माणूस एक प्रश्न विचारतो: कामासाठी अचूकता किती लागते आणि प्रत्यक्षात किती साधली? तोफखान्याला किंवा कूच करणाऱ्या पलटणीला शंभर-दोनशे फुटांची चूक चालते. मध्य भारतातील सिरोंजपासून डेहराडूनपर्यंत सुमारे ४०० मैलांची साखळी गेल्यावर तिथल्या पायारेषेची गणिताने आलेली लांबी आणि जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत सुमारे सात इंचांचा फरक आला. त्या रेषेची लांबी सात मैलांहून अधिक होती. इतकी अचूकता कोणत्याही सेनापतीला लागत नाही. ती लॅम्बटन यांना आणि त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांना हवी होती, कारण पृथ्वीचा आकार नेमका किती चपटा आहे हे त्यांना काढायचे होते. सरकारने पैसे नकाशासाठी दिले आणि या माणसांनी त्यातून भूगणित उभे केले.

याचा सर्वांत चांगला पुरावा एव्हरेस्टच्या उंचीत नाही. तो ओळंब्याच्या एका विसंगतीत आहे, आणि मला स्वतःला या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. मध्य भारतातील कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना या दोन ठाण्यांमध्ये सुमारे ६०० किलोमीटरचे अंतर आहे. त्यांच्या अक्षांशांतील फरक दोन रीतींनी काढला होता, एकदा त्रिकोणांवरून आणि एकदा ताऱ्यांवरून. दोन उत्तरांत ५.२४ विकलांचा फरक आला, म्हणजे जमिनीवर साधारण १६० मीटर. ताऱ्यांची निरीक्षणे ओळंब्यावर अवलंबून असतात, आणि हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार असा तर्क निघाला. कलकत्त्याचे धर्मोपदेशक आणि गणिती जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये पर्वताच्या दिसणाऱ्या वस्तुमानावरून ही ओढ मोजली, तेव्हा ती जवळजवळ १६ विकला असायला हवी होती. निरीक्षणात तिचा फक्त तिसरा भाग दिसत होता. त्याच वर्षी इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी खुलासा सुचवला: पर्वतांखाली हलक्या खडकाची खोल मुळे असतात, ती जड थरात बुडालेली असतात, म्हणून पर्वताचे निव्वळ वस्तुमान वरून वाटते तितके नसते. भूकवचाच्या संतुलनाची ही कल्पना आजही भूशास्त्राच्या पायाशी आहे. ती लष्करी खर्चाने चाललेल्या सर्वेक्षणातील पाच विकलांच्या फरकातून आली, आणि तो फरक दडपून न टाकता जगापुढे ठेवला गेला म्हणून आली.

विद्यार्थ्याच्या बाजूचेही एक उदाहरण देतो, म्हणजे चित्र एकांगी राहणार नाही. १८६० च्या दशकात याच सर्वेक्षणातील अधिकारी टॉमस माँटगोमेरी यांनी सीमेपलीकडे वेशांतर केलेले भारतीय मोजणीदार पाठवले. त्यांतले नैनसिंग रावत १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले. पावले मोजण्यासाठी त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते, नोंदी प्रार्थनाचक्रात लपवलेल्या होत्या आणि उंची उकळत्या पाण्याच्या तापमानावरून काढली जात होती. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. हे उत्तम भूगोलशास्त्र होते आणि ती हेरगिरीही होती. दोन्ही विधाने शेजारी शेजारी लिहायला मुलांनी कचरू नये.

सिकदारांविषयी मोजकेच लिहितो. राधानाथ सिकदार १८३१ मध्ये सर्वेक्षणात आले आणि १८४९ पासून कलकत्त्याला मुख्य गणक होते. वर सांगितलेल्या दुरुस्त्यांचे गणित करणे हेच त्या कचेरीचे काम होते आणि त्यांची योग्यता एव्हरेस्ट यांनीही मानली होती. ते धावत जाऊन “जगातले सर्वांत उंच शिखर मी शोधले” असे म्हणाले, या गोष्टीवर मात्र भर देऊ नये, कारण ते कलकत्त्याला होते आणि सर्वेक्षणप्रमुख अँड्र्यू वॉ डेहराडूनला. अशी उंची एका माणसाची नसते, ती निरीक्षक, गणक आणि तपासनीस अशा साखळीची असते. वॉ यांनी अनेक वर्षे फेरतपासणी करून १८५६ मध्ये ती जाहीर केली. सिकदारांवर झालेला अन्याय दुसरीकडे आहे आणि त्याला पुरावा आहे: १८५१ च्या सर्वेक्षण-पुस्तिकेत त्यांच्या भागाचा स्पष्ट ऋणनिर्देश होता, तो १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीतून, त्यांच्या मृत्यूनंतर, काढून टाकण्यात आला. त्या वेळीही त्यावर टीका झाली होती.

तुमची शाळा विदर्भात आहे, म्हणून एक सुचवतो. लॅम्बटन यांचा मृत्यू २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरकडे जाताना, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला झाला आणि त्यांची कबर तिथेच आहे. मुलांना तिथे नेता आले तर न्या. सोबत एक ओळंबा आणि साधा कोनमापक असू द्या, आणि दूरच्या एखाद्या उंच टाकीचा उभा कोन सकाळी व दुपारी घ्यायला लावा. एवढ्या कमी अंतरावर आणि साध्या साधनावर वक्रीभवन दिसणार नाही, पण दोन मुलांची उत्तरे का जुळत नाहीत यावर वर्गात चांगली चर्चा होईल.

भित्तिपत्रकावर आकड्याखाली काय लिहावे, हे तुम्ही शेवटी विचारले आहे. मी असे लिहीन: “२९,००२ फूट. निरीक्षणे १८४९-५०, घोषणा १८५६. नेपाळची सीमा बंद असल्याने १०८ ते ११८ मैलांवरून मोजलेली उंची. यांपैकी सुमारे ७,००० फूट पृथ्वीची वक्रता आणि हवेतील वक्रीभवन यांच्या हिशेबातून आलेले.” जागा उरली तर त्याखाली २९,१४१, २९,०२८ आणि ८,८४८.८६ मीटर हे आकडे अनुक्रमे १९०५, १९५५ आणि २०२० या वर्षांसह द्या. शेवटचा आकडा नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केलेला आहे आणि तो माथ्यावरच्या बर्फासह आहे, हेही लिहा.